गोगलगाय, पोटात पाय आणि अप्रेझल

या आठवड्याचा शब्द आहे ‘स्नेल’. स्पेलिंग सोपं, उच्चार सोपा, अर्थ तर त्याहून सोपा. स्नेल म्हणजे गोगलगाय. पहिलीतल्या पोरालाही चित्र दाखवलं तर सांगेल. मग त्यावर अख्खा कॉलम कशाला, असं तुम्ही म्हणाल. थांबा जरा. हा शब्द दिसतो तितका गरीब नाही. ऑफिसात, कोर्टात, कानात, घड्याळात आणि तुमच्या ई-मेलच्या पत्त्यात हा प्राणी कधीचा जाऊन बसलाय. आणि वऱ्हाडातल्या दर्यापूरच्या एका पोराच्या अप्रेझलमध्येही तो शिरला होता. तो किस्सा सांगतेच, पण आधी शब्दाकडे बघू.

आपण हा शब्द रोज वापरतो तो ‘अ‍ॅट अ स्नेल्स पेस’ या रूपात. हिंजवडीचा ट्रॅफिक स्नेल्स पेसने चालतो. होम लोनची फाइल स्नेल्स पेसने सरकते. पावसाळ्यात नेटचा स्पीड स्नेल्स पेसवर येतो. थोडक्यात, जिथे वैताग तिथे स्नेल. इंग्रजीत तर ‘टू स्नेल’ असं क्रियापदही आहे, म्हणजे रखडत रखडत जाणं. आणि कागदी पत्राला म्हणतात स्नेल मेल. ई-मेलवाल्यांनी हा शब्द १९८० च्या दशकात रूढ केला आणि पोस्टमन बिचारा एका रात्रीत गोगलगाय झाला.

आधी साप, मग आळशी

शब्दाचं खानदान बघाल तर मजा आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘स्नेगेल’च्या जवळपास उच्चारला जायचा. ज्या मुळातून तो आला त्याचा अर्थ सरपटणं. त्याच मुळातून दुसरा शब्द निघाला, तो म्हणजे ‘स्नेक’. म्हणजे इंग्रजीत साप आणि गोगलगाय हे चक्क चुलतभाऊ. एक डसतो, एक कोबी खातो, पण आडनाव एकच.

शंख नसलेल्या गोगलगाईला इंग्रजीत ‘स्लग’ म्हणतात. इथे गाडी उलट्या दिशेने गेलीय. आपल्याला वाटतं की प्राणी आधी आला आणि त्याच्यावरून आळशी माणसाला नाव पडलं. प्रत्यक्षात ‘स्लग’ हा शब्द आधी माणसासाठी होता. पंधराव्या शतकात आळशी, ढिम्म माणसाला स्लग म्हणायचे. त्या बिनशंखी प्राण्याला हे नाव मिळालं ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे जवळपास तीनशे वर्षांनी. माणसाची शिवी प्राण्याच्या गळ्यात पडली, ती अशी. शेअर बाजाराच्या बातम्यांत आपण जे ‘स्लगिश’ वाचतो तेही याच घरातलं.

शेक्सपिअरनेही गोगलगाईला सोडलं नाही. ‘अ‍ॅज यू लाइक इट’ या नाटकात शाळेत जायचं जिवावर आलेला पोरगा त्याने गोगलगाईच्या चालीने चालवलाय. म्हणजे स्नेल हळू असतो ही गोष्ट इंग्रजीत चारशे वर्षांहून जुनी आहे. हळू आणि शिवाय नाखूश. हा ‘नाखूश’चा शेड लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तीन भाषा, तीन कॅरेक्टर सर्टिफिकेट्स

आता मराठीत या. आपण हळू चालणाऱ्याला गोगलगाय म्हणतो का? फारसं नाही. आपला स्लो-मोशनचा ब्रँड अ‍ॅम्बॅसडर आहे कासव. फारच हळू असेल तर मुंगीची पावलं. ‘गोगलगाईच्या गतीने’ हे अलीकडे पेपरात दिसतं, पण ते सरळ इंग्रजीवरून आलेलं. अस्सल मराठीत गोगलगाय म्हटलं की पुढचे शब्द आपोआप येतात: गोगलगाय आणि पोटात पाय. म्हणजे वरून गरीब गाय, बोलणार नाही, चालणार नाही, पण आत भलतंच काहीतरी शिजतंय. ऑफिसमधल्या त्या शांत, गोड, ‘मला काय कळतंय’ टाइप कलीगला आपण हेच म्हणतो, प्रमोशन त्यालाच मिळालं की.

हिंदीत जा. तिथे गोगलगाय म्हणजे घोंघा, आणि ‘घोंघाबसंत’ म्हणजे ठार मूर्ख. झालं. इंग्रजीत ती हळू, मराठीत आतल्या गाठीची, हिंदीत बावळट. प्राणी एकच, पण तीन भाषांनी तीन वेगळी कॅरेक्टर सर्टिफिकेट्स दिलीत.

त्यातही बाजी मारली मराठीने. कशी ते बघा. गोगलगाय ज्या वर्गात मोडते त्याला विज्ञानात ‘गॅस्ट्रोपॉड’ म्हणतात. फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज कुविए यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी हे नाव वापरात आणलं. ग्रीकमध्ये ‘गॅस्टर’ म्हणजे पोट आणि ‘पोद’ म्हणजे पाय. पोटपाय! गोगलगाय चालते ती पोटाखालच्या एका रुंद स्नायूवर, तोच तिचा पाय. कुविएसाहेबांनी ग्रीक डिक्शनरी उघडून जे नाव बनवलं, ते आपल्या आजीने चुलीपुढे बसून म्हणीत बांधून ठेवलं होतं. फरक इतकाच की साहेबांनी त्यावरून वर्गीकरण केलं आणि आजीने त्यावरून शेजारीण ओळखली.

दर्यापूरला फोन गेला तेव्हा

आता तो किस्सा. माझा एक मित्र दर्यापूरचा. अमरावती जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आजूबाजूला खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी खारट, शेतात कापूस, तूर, हरभरा. तिथून अमरावतीला इंजिनिअरिंग आणि मग पुण्यात एका कंपनीत सपोर्टचा जॉब. इंग्रजी येतं, पण घरातलं नाही, कमावलेलं. क्लायंटला मेल लिहिताना तो आधी एकदा लिहितो, मग वाचतो, मग परत लिहितो. तिकीट आलं की शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय उत्तर देत नाही.

वर्षअखेरी अप्रेझल झालं. फॉर्मवर टीमलीडने एक ओळ लिहिली होती: ‘वर्क्स अ‍ॅट अ स्नेल्स पेस.’ रेटिंग एक पायरी खाली, त्यामुळे व्हेरिएबल पे कमी. पोरगा जाम हिरमुसला. त्या रात्री आईचा दर्यापूरहून फोन आला, तेव्हा आवाजावरून तिला कळलंच. काय झालं, काय झालं म्हणून तिने पिच्छा पुरवला. शेवटी हा बोलला, ‘काही नाही गं, साहेब म्हणते मी गोगलगाय हाओ.’

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग आईचा आवाज एकदम कडक. ‘काहून रे बाबू? कोणाचं काय वाईट केलं तुनं?’

आईला वाटलं, साहेबांनी पोराला कपटी म्हटलं! मुलगा हळू काम करतो हा आरोप तिच्या ध्यानीमनीही नव्हता. पोटात पाय, हे मात्र तिला सहन होईना. मग याने तिला समजावलं की तसं नाही, इंग्रजीत त्याचा अर्थ मी सावकाश काम करतो असा आहे. त्यावर आई म्हणाली, ‘एवढंच ना? मंग त्यात काय वाईट?’

आम्ही मित्रमंडळी या किश्श्यावर खूप हसलो. पण नंतर मला वाटलं, या माउलीच्या प्रश्नात पॉइंट आहे. हळू म्हणजे वाईट हे ठरवलं कोणी? आणि हळू म्हणजे कशाच्या मानाने हळू?

वऱ्हाडाची स्वतःची स्नेल

हा प्रश्न दर्यापूरच्या माणसाने विचारायलाच हवा, कारण त्यांच्या दारातून जवळपास शंभर वर्षं एक गोगलगाय धावत होती. तिचं नाव शकुंतला. मूर्तिजापूर ते अचलपूर आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी ही नॅरोगेज रेल्वे. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. दर्यापूरचं स्टेशन बनोसा या नावाने. दर्यापूर आणि बनोसा ही गावं इतकी चिकटलेली की नगरपालिकाही दोघांची मिळून एकच. पुढे अंजनगाव, पथ्रोट करत गाडी अचलपूरला जायची.

रेल्वे बांधली ब्रिटिश किलिक निक्सन कंपनीने, विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत. कारण शुद्ध व्यापारी होतं. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरपर्यंत आणायचा, तिथून मोठ्या लाइनवर टाकून मुंबईला, तिथून बोटीने मँचेस्टरला. कापसाच्या बदल्यात मँचेस्टरने इंजिन पाठवलं. १९२१ साली तिथे बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून इथे धावायला लागलं आणि ते थेट १९९४ च्या एप्रिलपर्यंत, म्हणजे सत्तर वर्षं. नंतर डिझेल आलं. देशातल्या बाकी रेल्वे सरकारच्या झाल्या, पण या लाइनची मालकी स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीकडेच राहिली. गाडी भारतीय रेल्वेने चालवायची आणि लाइन वापरल्याबद्दल कंपनीला पैसे द्यायचे, असा अजब फंडा होता.

आणि स्पीड? मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, वेळ साधारण चार तास. म्हणजे ताशी १९-२० किलोमीटर. आज एखादा सायकलवाला हसत हसत पुढे जाईल. लोक चालत्या गाडीतून उतरायचे, दोन पावलं चालायचे आणि परत चढायचे, असे किस्से वऱ्हाडात घरोघरी ऐकायला मिळतात. त्यातले किती खरे आणि किती मीठमसाला, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता जरा हिशेब करू. इंग्लंडमध्ये नॉरफोक परगण्यात काँगहॅम नावाच्या खेड्यात गोगलगाईंची वर्ल्ड चॅम्पियनशिप भरते. हो, खरंच भरते. ओल्या कापडावर गोल आखतात, मध्यभागी गोगलगाई ठेवतात आणि १३ इंच, म्हणजे ३३ सेंटिमीटरची शर्यत लावतात. १९९५ साली आर्ची नावाच्या गोगलगाईने हे अंतर दोन मिनिटांत कापलं. म्हणजे ताशी दहा मीटरला थोडं कमी. या चॅम्पियनला मूर्तिजापूर स्टेशनवर सोडलं आणि तो न जेवता, न झोपता, त्याच स्पीडने निघाला, तर अचलपूरला पोचायला त्याला सुमारे ३२० दिवस लागतील. शकुंतला चार तासांत पोचायची. तेव्हा तिला स्नेल म्हणणाऱ्यांनी आधी आर्चीचं टाइमटेबल बघावं.

मुद्दा असा की ही गाडी हळू होती ती मुंबईच्या माणसासाठी. जी बाई डोक्यावर भाजीची टोपली घेऊन लेहगावच्या बाजूने दर्यापूरच्या बाजाराला यायची, तिच्यासाठी पर्याय होता पायी चालणं किंवा एसटीचं महाग तिकीट. तिच्या हिशेबात शकुंतला फास्टही होती आणि स्वस्तही. स्पीड हा घड्याळावर मोजतात, पण तो खिशावरही मोजावा लागतो. २०१० च्या दशकात गाडी आधी अधूनमधून आणि मग कायमची थांबली. लाइन ब्रॉडगेज करण्याच्या घोषणा झाल्या, गाडी वाचवण्यासाठी लोकांनी आंदोलनंही केली. रूळ अजून आहेत, काही ठिकाणी गवतात हरवलेले. हळू गाडी गेली आणि तिच्या जागी फास्ट गाडी आली, असं इथे झालेलं नाही. हळू गाडी गेली, एवढंच झालं.

पत्त्यातली गोगलगाय

स्नेल मेलचंही तसंच. आपल्याकडे या शब्दाला एक खास ट्विस्ट आहे. टपाल खात्याने १९८६ मध्ये सेवा काढली ती ‘स्पीड पोस्ट’. एकीकडे जग पत्राला गोगलगाय म्हणत होतं, दुसरीकडे आपण पाकिटावर ‘स्पीड’चा शिक्का मारत होतो. २०१३ च्या जुलैमध्ये तार बंद झाली आणि २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. आपल्या आईवडिलांच्या पिढीत नोकरीचा कॉल, कोर्टाची नोटीस, मास्तरकीची ऑर्डर, सगळं रजिस्टरनेच यायचं. पोस्टमन सही घ्यायचा तेव्हा अख्खी गल्ली दारात यायची. ते पत्र हळू यायचं, पण आलं की घर बदलून टाकायचं. इनबॉक्समधल्या चार हजार अनरीड मेल्सपैकी किती मेल्सनी तुमचं घर बदललं, सांगा बरं.

आणि गंमत ऐका. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या इंजिनिअरने नेटवर्कवरच्या ई-मेलसाठी ‘अ‍ॅट’चं चिन्ह निवडलं. तेच ते, शेपटी गुंडाळून बसलेलं. इटलीत या चिन्हाला काय म्हणतात माहितीय? ‘किओच्चोला’, म्हणजे गोगलगाय. युक्रेनमध्येही त्याला गोगलगाय म्हणतात आणि कोरियात समुद्री शंखगोगलगाय. ज्या ई-मेलने पत्राला गोगलगाय म्हणून हिणवलं, त्याच्या प्रत्येक पत्त्याच्या मधोमध एक गोगलगाय बसलेली आहे!

कानात, कोर्टात, चेहऱ्यावर

अजून कुठे कुठे आहे ही बया? तुमच्या कानात. आतल्या कानात ऐकण्याचं काम करणारा शंखासारखा अवयव असतो, ‘कॉक्लिया’. हा शब्द लॅटिन आणि त्याआधी ग्रीक, अर्थ गोगलगाय. अडीच-पावणेतीन वेढ्यांचा हा छोटासा शंख नसता तर ना किशोरीताई ऐकू आल्या असत्या, ना बॉसची हाक. जुन्या ठोक्यांच्या घड्याळात किती ठोके द्यायचे हे ठरवणारी पायऱ्यापायऱ्यांची चकती असते, तिलाही घड्याळजी ‘स्नेल’च म्हणतात. म्हणजे वेळ सांगणाऱ्या यंत्राच्या पोटात, वेळ न पाळण्यासाठी बदनाम असलेला प्राणी.

कोर्टातला किस्सा तर कुठल्याही लॉच्या स्टुडंटला विचारा. १९२८ चा ऑगस्ट, स्कॉटलंडमधलं पेझली गाव. मे डोनह्यू ही बाई मैत्रिणीबरोबर कॅफेत गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी जिंजर बिअर मागवली. अर्धी प्यायल्यावर बाटलीतून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, अशी तिची तक्रार. बाई आजारी पडली. पण पैसे दिले होते मैत्रिणीने, त्यामुळे दुकानदाराशी हिचा करारच नव्हता. मग दाद कोणाकडे मागायची? तिने थेट बनवणाऱ्यावर केस टाकली. १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तिच्या बाजूने निर्णय दिला: माल बनवणाऱ्याची जबाबदारी तो शेवटी ज्याच्या तोंडी जातो त्याच्यापर्यंत असते. आपल्या देशातही लॉच्या पहिल्याच वर्षी ही केस शिकवतात. आणि शेवटचा ट्विस्ट असा की पुढे तडजोड झाल्यामुळे बाटलीत गोगलगाय खरंच होती का, हे कधी सिद्धच झालं नाही. न दिसलेल्या एका गोगलगाईने अख्ख्या जगाच्या ग्राहकांना हक्क मिळवून दिला. याला म्हणतात पोटात पाय!

इटलीतल्या ‘स्लो फूड’वाल्यांनी तर तिला लोगोच करून टाकलं. १९८६ मध्ये रोमच्या स्पॅनिश स्टेप्सजवळ मॅकडोनाल्ड्स उघडायला निघालं, तेव्हा कार्लो पेत्रिनी आणि मंडळींनी विरोध केला आणि त्यातून ही चळवळ उभी राहिली. फास्ट फूडला उत्तर म्हणून गोगलगाय. १९९९ मध्ये त्याच धर्तीवर सावकाश शहरांची संघटना निघाली, तिचीही खूण तीच. म्हणजे जो शब्द तुमच्या अप्रेझलमध्ये शिवी आहे, तो इटलीतल्या हॉटेलच्या दारावर मानाचा बिल्ला आहे. आणि आता तर कोरियन ब्यूटीवाल्यांनी गोगलगाईचा चिकट स्राव क्रीममध्ये घालून विकायला काढलाय. ज्या मुली अंगणात गोगलगाय दिसली की किंचाळायच्या, त्या आता तिची चकाकी हौसेने गालाला लावतात.

पण लातूरच्या शेतकऱ्याला विचारा

इथवर सगळं क्यूट चाललं होतं. आता जरा सिरियस. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत सोयाबीनच्या शेतांत शंखी गोगलगाय घुसली. उस्मानाबादचं नाव आता धाराशिव झालंय. रात्री बाहेर पडायचं, नुकतं उगवलेलं कोवळं रोप कुरतडायचं, उजाडायच्या आत मातीत, गवतात, बांधाच्या दगडाखाली लपायचं. सकाळी शेतकरी शेतात जायचा तर ओळीच्या ओळी गायब. कित्येकांना दुबार, काहींना तिबार पेरणी करावी लागली. बियाणं, खत, मजुरी सगळं पुन्हा. उपाय म्हणजे गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी शेतात पसरायची आणि त्याखाली जमलेल्या गोगलगाई सकाळी हाताने वेचून मिठाच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात टाकायच्या. एका वेळी शेकडो अंडी घालणारा प्राणी आणि वेचणारे दोन हात. इथे हळू कोण आणि फास्ट कोण?

ही शंखी गोगलगाय मूळची आपली नाहीच. पूर्व आफ्रिकेची. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या शंखप्रेमी साहेबाने मॉरिशसहून ती कलकत्त्याला आणली आणि तिथे बागेत सोडली. तिथून ती देशभर पसरली. कलकत्त्याहून लातूरच्या शेतापर्यंत. हळूहळू, पण पोचलीच. दर्यापूरच्या मित्राने हे ऐकल्यावर त्याचा शेरा असा होता: ‘म्हणजे स्नेल शब्दबी साहेबाचा, स्नेलबी साहेबाचीच, आन् शिवी मले!’

मग शब्द वापरायचा कसा?

आता कामाचं. वस्तूंसाठी, सिस्टिमसाठी, रांगेसाठी ‘स्नेल्स पेस’ बिनधास्त वापरा. फाइल, ट्रॅफिक, रिफंड, लिफ्ट. यातल्या कोणालाच वाईट वाटत नाही. माणसासाठी वापरताना मात्र दोनदा विचार करा. शेक्सपिअरपासून या शब्दाला चिकटलेला तो ‘नाखूश’चा शेड आठवा. तुम्ही स्नेल म्हणता तेव्हा फक्त हळू म्हणत नाही, तर याला कामच करायचं नाही असंही सुचवता. एखादा नीट वाचून, तपासून काम करत असेल तर इंग्रजीत त्याला ‘थरो’ आणि ‘मेथॉडिकल’ असे चांगले शब्द आहेत. खरोखर उशीर होत असेल तर किती झाला ते आकड्यात सांगा. ‘तीन तासांचं काम पाच तासांत झालं’ हे वाक्य कोणालाही समजतं आणि त्यावर बोलता येतं. गोगलगाईवर काय बोलणार?

माझ्या मित्राने शेवटी तेच केलं. रडला नाही, भांडला नाही. पुढच्या वन-ऑन-वनमध्ये त्याने एकच साधा प्रश्न विचारला: टीममध्ये कोणाची किती तिकिटं बंद झाल्यावर पुन्हा उघडली गेली? आकडे काढले तेव्हा कळलं की याची सगळ्यात कमी होती. बाकीचे अर्ध्या वेळात तिकीट बंद करत होते आणि दोन दिवसांनी तेच तिकीट परत दारात उभं. रेटिंग त्या वर्षी बदललं नाही, कापलेले पैसेही परत आले नाहीत. पण पुढच्या क्वार्टरपासून फॉर्मवर ‘रीओपन’चा कॉलम आला. म्हणजे पोरगं गोगलगायच निघालं, पण त्याच्या आईला भीती वाटली होती त्या मराठी अर्थाने. दिसायला गरीब, पण पोटात पाय!

जाता जाता एक खरी गोष्ट. १८४६ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तच्या वाळवंटातली एक गोगलगाय मेलेली समजून पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवून ठेवली. खाली नावाचं लेबल लावलं. चार वर्षांनी, १८५० मध्ये कोणाच्या तरी लक्षात आलं की पुठ्ठ्यावर काहीतरी चिकट दिसतंय. कोमट पाण्यात ठेवलं तर बाईसाहेब शंखातून डोकं काढून बाहेर! पाणी नसलं की गोगलगाय शंखाचं दार लावून घेते आणि पडून राहते. तेव्हा कोणावर लेबल चिकटवायच्या आधी ती जिवंत आहे का, एवढं तरी बघा.

पुढच्या आठवड्यात भेटू, नव्या शब्दासह. तोवर मेल पाठवताना पत्त्यातल्या त्या चिन्हाकडे एकदा नीट बघा. आता तुम्हाला तिथे गोगलगाईशिवाय दुसरं काही दिसणार नाही.